आधी खांब, मग पॅनल

पत्र असं आहे:

"दापोली तालुक्यात, समुद्रापासून चार-पाच किलोमीटर आत आमची ५ गुंठे जागा आहे. निवृत्तीनंतर डोंबिवली सोडून आम्ही दोघं तिथे छोटं घर बांधून राहतो. सहा हापूस कलमं, चार माड, थोडी भाजी, फुलझाडं. जागा ५५ फूट रुंद आणि ९९ फूट लांब. पुढे रस्ता, मागे पऱ्या म्हणजे ओढा, एका अंगाला शेजाऱ्यांच्या सीमेवरचा जुना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडांचा रचलेला बांध, तो जागोजाग ढासळलाय. दुसऱ्या अंगाला मोकळा सडा, म्हणजे कातळाचा माळ. तिकडून दिवसा गुरं येतात आणि रात्री डुकरं. वानरं तर कुठूनही. कुंपण करायचं म्हटल्यावर घरात तीन मतं झाली. यजमानांना महामार्गाच्या कडेला दिसतात तशी सिमेंटची तयार पॅनल हवीत. मुलगा इंग्लंडात असतो, त्याच्या घरामागे खाचेच्या सिमेंट खांबांत लाकडी पॅनल सरकवलेली आहेत, त्याला तसं सुंदर वाटतं. मला झाडांचंच कुंपण आवडेल. प्रीकास्टवाल्याने, म्हणजे तयार पॅनलवाल्याने, ५ फूट उंचीला रनिंग फुटाला ४८० रुपये सांगितले, जाळीवाल्याने लोखंडी अँगलचे खांब धरून २१०. आमच्याकडे ७० हजार आहेत. शिवाय वाडीतली माणसं पऱ्यावर जायला आमच्या मागच्या कोपऱ्यातून जातात. त्यांचं काय करावं? आणि घ्यावं तरी काय?"

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त आवडलं ते हे की तुम्ही चारी बाजूंना काय आहे ते लिहिलंत. बहुतेक जण "अमुक फूट कुंपण करायचंय, स्वस्त काय?" एवढंच विचारतात. पण ज्या जागेला पुढे रस्ता, मागे पऱ्या, डावीकडे गडगा आणि उजवीकडे सडा आहे, तिला चारी बाजूंनी एकच कुंपण का हवं? कंत्राटदाराला ते सोयीचं पडतं, कारण एकदा फीत धरली की गुणाकार करून मोकळं होता येतं. तुम्हाला ते सोयीचं नाही.

तो गुणाकार आधी करून टाकू. तुमच्या जागेचा घेर ३०८ फूट. गेटचे १० फूट सोडले तर २९८. प्रीकास्टच्या दराने १ लाख ४३ हजार होतात, म्हणजे तुमच्या पैशांच्या दुप्पट. जाळीच्या दराने साडेबासष्ट हजार, म्हणजे बसतंय, पण गेट त्यात नाही. गेट सगळेच विसरतात, आणि मग शेवटी दोन बांबू आडवे टाकून वर्ष काढतात.

आता यजमानांच्या मताकडे येते. ते चुकीचं नाही, फक्त तुमच्या जागेला लागू नाही. तयार सिमेंट पॅनल सपाट, सरळ, ट्रक थेट आत येईल अशा जागेवर उत्तम. वाळवी लागत नाही, रंग मागत नाही, गुरं अंगाने रेटून पाडू शकत नाहीत. पण बाजारात सर्रास मिळणारं ७ फूट लांब, १ फूट उंच आणि २ इंच जाड पॅनल ७५ ते ८० किलोचं असतं. पाच फूट उंची म्हणजे दोन खांबांमधल्या एका गाळ्यात अशी पाच. तुमच्या घेराला ४३ गाळे धरा. पॅनल आणि खांब मिळून जवळपास २० टन माल होतो. तो दापोलीच्या वळणांवरून येणार, आणि गाडी रस्त्यावर रिकामी झाल्यावर मागच्या पऱ्यापर्यंत माणसांनी वाहायचा. ४८० च्या दरात वाहतूक आणि ही आतली वाहणावळ आहे का, ते त्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

दुसरं, उतार. जमीन पऱ्याकडे उतरत असणार. जाळी उताराबरोबर थोडीफार वळवता येते, पॅनलला पायऱ्या पाडाव्या लागतात. प्रत्येक पायरीखाली त्रिकोणी फट उरते. डुकराला तेवढी पुरते.

तिसरं, वारा आणि पाणी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा दापोली-मंडणगडात माड-पोफळींचं काय झालं ते गावात कुणालाही विचारा. ताशी ११० किलोमीटरचा वारा सात फूट रुंद, पाच फूट उंच भरीव गाळ्यावर आदळला की साधारण १८० किलोचा रेटा बसतो, आणि तो सगळा खांबाच्या बुडाशी जातो. जाळीतून वारा आरपार जातो. पाण्याचंही तेच. तुमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस. सड्यावरून वाहून येणाऱ्या पाण्याला भरीव भिंत आडवी आली की ते तिथे तुंबतं, बुडाची माती भिजून सैल होते आणि खांब कलायला लागतात. पऱ्याच्या बाजूला तर भरीव काहीही उभारू नका. पहिल्याच मोठ्या पुरात झाडाच्या फांद्या, पालापाचोळा येऊन अडकेल आणि कुंपणाचं धरण होईल.

मुलाच्या फोटोतलं कुंपण मला माहीत आहे. इंग्लंडात सहा फुटी लाकडी पॅनल सिमेंटच्या खाचेच्या खांबांत वरून सरकवतात, बुडाला मातीला लागून सिमेंटची आडवी फळी घालतात, म्हणजे लाकूड ओल्या मातीला टेकत नाही. पॅनल कुजलं की तेवढंच उचलून नवं घालायचं, खांब तसाच राहतो. लाकडाचा भाग तुम्ही विसरा. कोकणच्या पावसात आणि वाळवीत ती पातळ फळकुटं टिकणार नाहीत, आणि इथे तशी मागवायची म्हटली तर वाहतुकीचाच खर्च मालाइतका. पण त्यातला विचार शंभर टक्के बरोबर आहे आणि तुम्ही तोच उचला: खांब कायमचा, मधला पडदा बदलता येणारा.

कुंपण मधे कधी मरत नाही हो. ते खांबाच्या बुडाशी, जमिनीच्या पातळीवर मरतं. तिथे ओल असते आणि हवाही असते. लाकूड तिथेच कुजतं, लोखंड तिथेच गंजतं. दोन फूट खाली गाडलेला भाग उकरून काढला तर पुष्कळदा ठणठणीत निघतो, वरचाही चांगला असतो, आणि मधे बोटभर पट्ट्यात अँगल कागदासारखा झालेला असतो. म्हणून ज्याच्याकडे पैसे मोजके आहेत त्याने ते आधी खांबात आणि खांबाच्या पायात घालावेत. जाळी थोडी हलकी घेतली तर पाच-सात वर्षांनी जाळी बदलता येते. हलका खांब घेतला तर सगळंच पुन्हा.

तुमच्यासाठी मी अँगलऐवजी सिमेंटचे खांब घ्या म्हणेन. समुद्र चार-पाच किलोमीटरवर आहे, खाऱ्या हवेत अँगलला दर दोन-तीन वर्षांनी रंग लागतो, आणि साठीच्या पुढे ब्रश घेऊन कुंपणभर फिरायची हौस कुणाला असते? पण सिमेंटचा खांब पारखून घ्यावा लागतो. खांब करणाऱ्याकडे स्वतः जा. फोनवर ऑर्डर देऊ नका. पहिला प्रश्न विचारा: वाळू कुठली? आपल्याकडे खाडीची वाळू स्वस्त पडते म्हणून वापरली जाते. नीट न धुतलेल्या वाळूतलं मीठ आतल्या सळीला गंज चढवतं, गंज फुगतो आणि खांब उभा चिरतो. क्रश सँड वापरणारा माणूस शोधा. मग खांबाची टोकं बघा. सळ्या किंवा तारा किती आहेत ते मोजा, आणि त्या कडेला टेकलेल्या आहेत की सगळीकडून किमान पाऊण-एक इंच सिमेंटच्या आत आहेत ते पाहा. कडेला आलेली सळी दिसली तर तो ढीगच सोडा. अंगावर मधाच्या पोळ्यासारखी भोकं असलेले खांब नकोत, कारण तिथून पाणी शिरतं. हातोडीने हलकेच वाजवून बघा, आवाज खणखणीत आला पाहिजे. आणि ओतल्याची तारीख विचारा. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात. गेल्या आठवड्यात ओतलेला खांब ट्रकमधून हादरे खात आला तर त्याला केसासारख्या चिरा तिथेच पडतात. यजमानांना हे सगळं दाखवा, प्रीकास्ट पॅनललाही हीच परीक्षा लागू आहे. पॅनलच्या बाबतीत एक जास्तीची: खांबाची खाच आणि पॅनलची जाडी जागेवरच जुळवून बघायची. खाच फार मोठी असली तर वाऱ्यात पॅनल खडखडत राहतं, फार घट्ट असली तर बसवताना कड उडते.

उंचीचं गणित सोपं आहे. वर ५ फूट हवं तर खांब ७ फुटांचा, २ फूट जमिनीत. कुणी "दीड फूट बास" म्हणालं तर जिथे कातळ लागेल तिथे ते मान्य करा, मातीत नाही. खड्डा एक फूट लांब, एक फूट रुंद, दोन फूट खोल. काँक्रीट जमिनीच्या दोन बोटं वर आणायचं आणि त्याला चारी बाजूंनी ढाळ द्यायचा, म्हणजे पाणी खांबापाशी साचत नाही. हा ढाळ दहा मिनिटांचं काम आहे आणि कुणी करत नाही. काँक्रीट भरण्याआधी खड्डे स्वतः मोजा, एकदा भरल्यावर खाली किती गेलंय ते कुणाला कळणार? असा एक खड्डा भरायला पाव गोणीच्या आसपास सिमेंट लागतं. वीस खड्ड्यांना दोन गोण्या पुरल्या असं कुणी सांगितलं, तर खड्ड्यांत काय गेलं ते विचारा.

तरीही अँगलच घ्यायची वेळ आली, म्हणजे सिमेंट खांब पोचवणारा मिळालाच नाही, तर मापावर नाही, वजनावर घ्या. ४० बाय ४० बाय ५ मिलिमीटरचा अँगल मीटरला ३ किलो भरतो. सात फुटांचा खांब साडेसहा किलोच्या आसपास आला पाहिजे. पाच किलो आला तर तो दुसरंच काहीतरी आहे. कापलेली टोकं आणि तारेसाठी पाडलेली भोकं यांना रेडऑक्साइड लावून मगच उभा करायचा, आणि जमिनीलगतच्या त्या बदनाम पट्ट्यावर वर-खाली वीतभर डांबरी रंगाचे दोन हात.

खांबांतलं अंतर आठ फूट ठेवा. दहा फुटांवर लावले तर खांब कमी लागतात हे खरं, पण डुक्कर दोन खांबांच्या मधोमध जोर लावतं. कोपऱ्याचे आणि दोन्ही टोकांचे खांब जाड, आणि त्यांना तिरके टेके हवेतच. जाळीचा सगळा ताण शेवटी त्यांच्यावर येतो. कोपऱ्याला दोन दिशांनी ताण, म्हणून दोन टेके. सरळ रेषेतही दर पन्नासेक फुटांवर एका खांबाला टेका द्या. कंत्राटदाराच्या दरात टेके बहुधा नसतात, "लागले तर देऊ" असतं. लागतात.

जाळीकडे वळू, कारण त्या २१० रुपयांत सगळी गोम तिथे आहे. त्याने गेज, म्हणजे तारेच्या जाडीचा आकडा, सांगितलेला नाही. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे आधी डोक्यात पक्कं करा. १० गेजची तार सव्वातीन मिलिमीटर जाड असते, १२ गेजची २.६४. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या थोडा वर, डोळ्यांना कळत नाही, पण लोखंड एक-तृतीयांशाने कमी. तीन इंची चौकटीची, ५ फूट उंचीची, ५० फूट लांबीची गुंडाळी १० गेजची असेल तर चाळीस किलो किंवा थोडी जास्त भरते. १२ गेजची सत्तावीस-अठ्ठावीस. तेव्हा गुंडाळी काट्यावर ठेवायला लावा. जो दुकानदार फुटावर विकतो पण वजन करायला टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका. पाचशे रुपयांच्या आत जाडी मोजायचा एक साधा व्हर्निअर कॅलिपर मिळतो. नसेल तर गावातल्या लेथवाल्याकडे असतो, तारेचा तुकडा घेऊन जा.

हिरवं प्लॅस्टिक चढवलेली जाळी दिसायला छान दिसते. तिचा गेज मात्र बऱ्याचदा प्लॅस्टिकसकट सांगतात. टोकाचं प्लॅस्टिक सोलून आतली तार मोजली की कितीदा ती दोन मिलिमीटर निघते! साधी जस्त चढवलेली, पण जाड तारेची जाळी घ्या. जस्ताचा थर दर चौरस मीटरला किती ग्रॅम आहे ते विचारा आणि बिलावर लिहून घ्या. आकडा मोठा तितकं आयुष्य जास्त. चकाकीला भुलू नका. या जाळीसाठी भारतीय मानक आहे, आयएस २७२१, आणि काटेरी तारेसाठी आयएस २७८. दुकानात हे आकडे नुसते उच्चारले तरी समोरच्याचा बोलण्याचा सूर बदलतो.

माझ्या मते तुम्हाला १० गेज, तीन इंची चौकट पुरे. दोन इंची चौकटीला लोखंड दीडपट लागतं, ती कोंबड्या-शेळ्यांचा प्रश्न असेल तर. जाळी तीन आडव्या ताणतारांवर चढवायची, वर, मधे आणि खाली, आणि या तारा जाळीपेक्षा जाड, ८ गेज. आता एक बारीक गोष्ट, जिच्यामुळे चांगली कुंपणं दुसऱ्या वर्षी लोंबायला लागतात: जाळी ताणतारेला बांधायला गडी सेंट्रिंगची काळी तार वापरतात, कारण ती त्यांच्या खिशात असते. ती एका पावसाळ्यात तुटते. बांधायची तारही जस्ताचीच आणून तुम्ही स्वतः हातात द्या. आणि खांब उभे केल्यावर रोज पाणी मारून आठवडाभर जाळीला हात लावू द्यायचा नाही. लगेच ताणली तर कोपऱ्याचा खांब ओल्या काँक्रीटमध्ये आत झुकतो आणि मग जन्मभर तसाच राहतो.

डुकरं जाळी चढत नाहीत, खालून उचलतात. जाळी जमिनीत पुरायचा सल्ला तुम्हाला मिळेल. आपल्या ओल्या तांबड्या मातीत पुरलेली जाळी लवकर खाऊन जाते. त्याऐवजी खालच्या ताणतारेच्या लगेच खाली जांभ्याच्या चिऱ्यांची एक ओळ अर्धी गाडून बसवा आणि चिऱ्याच्या डोक्यावर, जाळीच्या बाहेरच्या अंगाला, काटेरी तारेचा एक पदर घ्या. सड्याच्या बाजूला हे हवंच. पऱ्याच्या बाजूला चिऱ्यांची ओळ नको, तिथे पाणी जायला वाट ठेवून काटेरी तारेचे दोन पदर. जाळीत घरातली वीज सोडण्याचा उपाय कुणी सुचवेल. कोकणात सुचवतातच. तो गुन्हा आहे आणि माणसं मेलेली आहेत, तेवढं पुरे.

वानरांसाठी काहीही खर्च करू नका. त्यांना कुंपण म्हणजे बसायची जागा.

आता तुमचं झाडांचं कुंपण. गडग्याच्या बाजूला ९९ फूट तुम्हाला विकत काहीच घ्यायचं नाही. दगड तिथेच पडलेला आहे. गडगा रचणारा जाणता माणूस वाडीत अजून मिळतो; सिमेंट न लावता, कोरडाच रचू द्या, पाणी झिरपून जातं म्हणून तर तो इतकी वर्षं उभा आहे. तो तीन फूट वर आला की तुमच्या अंगाला, गडग्यापासून दोन फूट आत, झाडं लावा. पहिला चांगला पाऊस पडला की गिरिपुष्पाचे मनगटाएवढे जाड, पाच-सहा फुटी दांडे रोवले की फुटतात. दोन-अडीच फुटांवर लावा. वर्षातून दोनदा छाटायचे, पाला कलमांच्या आळ्यात घालायचा, खत विकत आणावं लागत नाही. त्यांच्या मधल्या जागेत करवंद. करवंदाची जाळी दाट व्हायला तीन वर्षं लागतात, पण एकदा झाली की तिच्यातून काही जात नाही आणि उन्हाळ्यात खायलाही मिळतं. रोपं दापोलीतच कोकण कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत विचारा. निरगुडीही चालेल, शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. जास्वंदाला लावतात, म्हणून जास्वंद रस्त्याच्या बाजूला, जाळीच्या आत. शेराचं कुंपण मात्र नको. त्याचा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो, आणि सुट्टीत नातवंडं येणार. बांबूची वई, म्हणजे बांबूचं कुंपण, तुमच्या मनात असेल तर ती भाजीच्या वाफ्यांभोवती घाला; कच्चा बांबू मातीत दोन-तीन पावसाळ्यांच्या वर टिकत नाही, आणि दरवर्षी वई बांधायला आता माणसं कुठे आहेत?

वेल जाळीवर चढवण्याचा मोह होईल. रस्त्याच्या बाजूला थोडा चढवा, सड्याच्या बाजूला नाही. दाट वेल म्हणजे वाऱ्याला पुन्हा भरीव भिंत, आणि जाळीवर सतत ओल.

म्हणजे विकत घ्यायचं उरलं ते सड्याकडचे ९९ फूट, पऱ्याकडचे ५५ आणि पुढचे ४५, असे १९९ फूट. जाळीवाल्याच्या दरानेच धरले तर ४२ हजारांच्या आत. उरलेल्या २८ हजारांत अँगलऐवजी सिमेंट खांबांचा फरक, टेके, गडग्याची मजुरी, चिऱ्यांची ओळ आणि गेट. ओढाताण होईल, पण बसेल. कमी पडले तर पुढच्या बाजूची जाळी चार फुटी घ्या. रस्त्याच्या अंगाने डुकरं येत नाहीत आणि घर बंदिस्त दिसत नाही. सड्याच्या खांबांवर मात्र काटकसर नाही. यजमानांना पुढे कधी हवंच असेल तर पुढच्या ४५ फुटांना तयार पॅनल लावता येतील. आज एवढ्याशा मालासाठी कुणी ट्रक पाठवणार नाही, आणि पाठवला तर भाडं तुमच्या माथी.

दर ठरवताना माल आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. खांबाचं माप आणि संख्या, जाळीचा गेज आणि वजन, ताणतारा, टेके, काँक्रीट, वाहतूक, जीएसटी आत की बाहेर, हे सगळं कागदावर. सगळे पैसे आधी देऊ नका. माल जागेवर उतरून मोजल्यावर एक हप्ता, खांब उभे राहून आठवडा झाल्यावर दुसरा, जाळी ताणून झाल्यावर उरलेले. काम दिवाळीनंतर काढा. पावसानंतर जमीन अजून मऊ असते, खड्डे सोपे जातात, आणि माल घेऊन गाडी रुतत नाही. मे महिन्यात सगळं गाव पावसाळी कामाला लागलेलं असतं, तेव्हा गडी मिळत नाहीत आणि मिळाले तर घाईत खड्डे उथळ पाडतात.

आणि खांब आणायच्या आधी मोजणी. तुम्ही तिचा उल्लेख केला नाहीत म्हणून विचारते, झाली आहे का? नसेल तर तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात, त्यांच्यासमोर खुणा होतात आणि नकाशाची 'क' प्रत मिळते. गडगा नेमक्या हद्दीवर आहे असं सगळे समजतात, आणि मोजणीत तो इकडे-तिकडे निघतो. तसा निघाला तर तो उपटायला जाऊ नका. शेजाऱ्यांशी बसून बोला, आहे तिथेच डागडुजी करायची असं दोघांच्या सह्यांनी लिहा, आणि अर्धी मजुरी ते देतात का विचारा. बरेचदा देतात, विचारलं तर. खांबाचा पाया हद्दीच्या आत राहील असे खांब सहा-आठ इंच आत घ्या. रस्त्याच्या बाजूला किती जागा सोडायची ते ग्रामपंचायतीत विचारा, हे काम गेटच्या आधी.

पऱ्यावर जाणारी माणसं राहिली. ती वाट किती जुनी आहे? वीस वर्षांहून जास्त काळ लोक हक्काने, बिनहरकत जात असतील तर १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे तो त्यांचा वहिवाटीचा हक्क ठरू शकतो, आणि वाट अडवली तर तहसीलदाराकडे १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली दावा येऊ शकतो. पण कायदा बाजूला ठेवा. तुम्ही डोंबिवलीहून येऊन त्या वाडीत राहताय, अडीनडीला तीच माणसं येणार. मागच्या कोपऱ्यात कुंपण चार फूट आत घ्या आणि वाट कुंपणाच्या बाहेर राहू द्या. तेवढी जागा सोडवत नसेल तर तिथे एक बेडं ठेवा, गुरं अडतील आणि माणूस जाईल असं. काय करणार ते खांब यायच्या आधी वाडीत जाऊन सांगा, आणि सांगायला यजमानांना पाठवू नका, दोघं मिळून जा. बेड्याचे दोन खांब त्याच ऑर्डरमध्ये धरा. गेटचे दोन मात्र वेगळे, जाड, तीन फूट खोल पायाचे. कुंपणाच्या खांबावर गेट टांगलं की दोन्ही वाकतात. गेट दहा फुटांचंच ठेवा, आठ फुटांत टेम्पो वळत नाही आणि शेणखत रस्त्यावर उतरवावं लागतं.